मेंढीतील एमएक्स-१ जनुक: अनुक्रम हाती आला, आता काय म्हणता येईल?

जत तालुक्यातील एका मेंढवाड्यातून माडग्याळ जातीच्या सहा मेंढ्यांचे रक्त घेऊन तुम्ही एमएक्स-१ या विषाणूविरोधी प्रथिनाचे जनुक वेगळे केलेत आणि प्रत्येक मेंढीचा एकेक क्लोन (जिवाणूत वाढवलेली जनुकाची एक प्रत) सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, बेसांचा, क्रम वाचायला पाठवलात. संदर्भ अनुक्रमाशी ताडून पाहिल्यावर सात ठिकाणी बेस बदललेले दिसले आणि त्यांपैकी चार बदलांमुळे अमिनो आम्लही बदलते. सहापैकी तीन मेंढ्यांत या जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे ते किती कामाला लागले आहे याचे माप, बरीच जास्त आढळली. माडग्याळ मेंढीला पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा विषाणुजन्य आजार फारसा बाधत नाही, असे तिकडचे मेंढपाळ सांगतात. तेव्हा प्रबंधाच्या शीर्षकात ‘रोगप्रतिकारक्षम’ हा शब्द घालता येईल का आणि आणखी कोणते प्रयोग केले म्हणजे काम पुरे होईल, असे तुम्ही विचारले आहे.

प्रयोगांची यादी देणे सोपे आहे, पण तुमची खरी अडचण तिथे नाही, असे मला वाटते. हाती आलेल्या पुराव्यावर किती विधान पेलेल, ही खरी अडचण आहे. ‘हा या मेंढीचा एमएक्स-१ आहे’, ‘या जातीत त्याची अमुक रूपे आहेत’, ‘हे प्रथिन विषाणूला अडवते’ आणि ‘या रूपामुळे मेंढी आजारातून वाचते’ ही चार निरनिराळी विधाने आहेत, आणि प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा आहे. तुमचे काम आज पहिल्या विधानाच्या उंबरठ्यावर आहे. चौथे विधान फार लांब आहे. सातारा-सांगली भागात मेंढ्यांच्या जनुकांवर मी बरीच वर्षे काम करतो आहे आणि ही चार विधाने एकमेकांत मिसळल्याने चांगले प्रबंध परीक्षकांकडून परत आलेले पाहिले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी जनुकाविषयी थोडेसे. इंटरफेरॉनचे, म्हणजे विषाणू शिरल्यावर पेशी सोडतात त्या इशाऱ्याच्या प्रथिनाचे, वर्णन आयझॅक्स आणि लिंडनमान यांनी १९५७ मध्ये केले. पुढे १९६२ मध्ये याच लिंडनमान यांनी ए-२-जी नावाच्या उंदरांच्या वाणात इन्फ्लुएन्झाला उपजत विरोध असल्याचे दाखवले आणि त्या विरोधामागचे, इंटरफेरॉनने जागे होणारे जनुक ते एमएक्स. प्रयोगशाळेतील बहुतेक उंदीर या विषाणूला बळी पडत, कारण त्यांच्या एमएक्स-१ मधून नवव्या ते अकराव्या एक्सॉनचा (जनुकाच्या प्रथिन सांगणाऱ्या भागांचा) तुकडाच गळालेला होता. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: तिथे प्रतिकार आणि जनुक यांचा संबंध संकरातून, पिढ्यांच्या हिशेबातून आधी सिद्ध झाला आणि अनुक्रम नंतर वाचला गेला. मेंढीच्या एमएक्सचा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए-प्रत) १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो मिळाला गाभण मेंढीच्या गर्भाशयाच्या अस्तरातून. या शेवटच्या तपशिलाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण तुमच्या तीन ‘जास्त’ मेंढ्यांचे उत्तर बहुधा तिथेच आहे.

आता पहिले विधान: हा एमएक्स-१ आहे का? मेंढीच्या पहिल्या गुणसूत्रावर एमएक्स-१ आणि एमएक्स-२ ही जनुके शेजारी शेजारी आहेत, एकाच घराण्यातली आहेत आणि त्यांचे काही भाग एकमेकांशी पुष्कळ जुळतात. तुमचे प्रायमर (प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) अशा जुळणाऱ्या भागावर पडले असतील, तर नळीत दोन्ही जनुकांच्या प्रती वाढतात आणि जेलवर मात्र एकच स्वच्छ पट्टी दिसते. त्यामुळे प्रायमरचा शेवट, विशेषतः नवी साखळी जिथून वाढते त्या तीन-प्राइम टोकाकडचे चार-पाच बेस, एमएक्स-२ शी न जुळणारे आहेत की नाही, हे सर्वप्रथम तपासा. नुसता ब्लास्ट (अनुक्रम जुळवून पाहणारा संगणकीय शोध) करून ‘अठ्ठ्याण्णव टक्के साम्य’ लिहिणे पुरेसे नाही. दोन्ही जनुकांचे अनुक्रम एकाखाली एक मांडून प्रत्येक बदललेला बेस त्या मांडणीत बघा. तुमच्या सातपैकी दोन-तीन बदल एमएक्स-२ च्या त्याच जागेवरील बेसांशी नेमके जुळले, आणि तेही जवळजवळ असले, तर ते जातीचे वैशिष्ट्य नसून मिसळ असण्याची शक्यता मोठी आहे.

एकेक क्लोन पाठवल्यामुळे दुसरी अडचण आली आहे. डीएनएच्या प्रती काढणारे साधे टॅक पॉलिमरेज हे विकर वापरले, तर तीसेक चक्रांनंतर दोन हजार बेसांच्या एका क्लोनमध्ये एखादी-दुसरी चूक सहज राहून जाते. एमएक्स-१ चा प्रथिन सांगणारा भाग दोन हजार बेसांच्या जवळपास आहे, त्यातून सुमारे साडेसहाशे अमिनो आम्लांचे, साधारण ७५ किलोडाल्टन वजनाचे प्रथिन तयार होते. म्हणजे सहा क्लोन आणि सात बदल हा हिशेब निव्वळ पॉलिमरेजच्या चुकांनीही भरून निघू शकतो. शिवाय एकाच मेंढीत आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन प्रती असतात. पीसीआरच्या, म्हणजे नळीत प्रती वाढवण्याच्या, वेळी अर्धवट वाढलेली साखळी दुसऱ्या प्रतीवर जाऊन बसली, तर निसर्गात कुठेच नसलेले जोडरूप तुमच्या प्लाझ्मिडमध्ये (क्लोन वाहणाऱ्या डीएनएच्या कडीत) जाऊन बसते.

यावर उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत. चुका दुरुस्त करणारे पॉलिमरेज वापरा. पीसीआर दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या नळ्यांत करा. प्रत्येक मेंढीचे निदान चार-पाच क्लोन वाचा, आणि क्लोन न करता थेट पीसीआरचे उत्पादनही दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. सँगर पद्धतीत एका वाचनात सातशे ते नऊशे बेस नीट येतात, तेव्हा मधल्या भागासाठी आतले प्रायमर लागतीलच. ते वाचवून मधला भाग एकाच बाजूच्या पुसट टोकावरून वाचलेला असतो, आणि ‘नवे’ बदल नेमके तिथेच सापडतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

थेट वाचनाचा आलेख डोळ्यांनी बघण्याची सवय लावून घ्या. ज्या मेंढीत दोन प्रती वेगळ्या आहेत, तिच्या आलेखात त्या जागी दोन रंगांची शिखरे एकाखाली एक, साधारण अर्ध्या अर्ध्या उंचीची दिसतात आणि आजूबाजूची शिखरे स्वच्छ असतात. उलट दिशेने वाचतानाही तीच जोडी तिथेच दिसली पाहिजे. एमएक्स-२ ची मिसळ असेल, तर दुहेरी शिखरांचा पुंजका दिसतो, बुटके शिखर सगळीकडे साधारण सारख्याच प्रमाणात बुटके असते आणि, सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे, प्रत्येक मेंढीत त्याच जागा दुहेरी दिसतात. सहाच्या सहा मेंढ्या एका जागी दुहेरी निघाल्या, तर आनंदू नका, प्रायमरवर संशय घ्या. सॉफ्टवेअर मोठे शिखर उचलून एक अक्षर लिहून टाकते आणि ही सगळी माहिती नाहीशी होते. तुमच्या पत्रासोबत फक्त अक्षरांची फाइल होती, आलेख नव्हते. मूळ आलेख जपून ठेवा, परीक्षक ते मागू शकतात आणि मागायलाच हवेत.

‘बदल’ हा शब्दही जपून वापरायला हवा. तुम्ही ज्याला संदर्भ म्हणता तो मेंढीचा जनुकसंच आधी टेक्सेल आणि अलीकडे रॅम्बुइये या युरोपीय जातींच्या जनावरांवरून बांधलेला आहे. माडग्याळ मेंढी त्याहून वेगळी असेल, तर बदल तिच्यात झाला की रॅम्बुइयेत, हे त्या दोघींच्या तुलनेतून कळत नाही. त्याच जागी शेळी आणि गाय यांच्यात कोणता बेस आहे ते पाहा. माडग्याळ, शेळी आणि गाय या तिघींत एकच असेल, तर माडग्याळने जुने रूप राखले आहे आणि युरोपीय जातीत ते पालटले, असेच म्हणणे योग्य. तसेच ‘नवीन’ लिहिण्यापूर्वी युरोपियन व्हेरिएशन आर्काइव्हमध्ये ती जागा शोधा, मेंढीतील पूर्वी नोंदलेले असंख्य बदल तिथे आहेत.

दुसऱ्या विधानाकडे, म्हणजे ‘या जातीत अमुक रूपे आहेत’ याकडे येताना, सहा जनावरांचा हिशेब मांडून बघा. सहा मेंढ्या म्हणजे जनुकाच्या बारा प्रती. जातीतल्या शंभर प्रतींपैकी पाच प्रतींत एखादे रूप असेल, तर ते तुमच्या बाराही प्रतींत मुळीच न दिसण्याची शक्यता ५४ टक्के आहे. तीस मेंढ्या, म्हणजे साठ प्रती घेतल्या, तर तीच शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. हा हिशेबसुद्धा मेंढ्या एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत असे धरून केला आहे. एका वाड्यात दोन-तीन मेंढेच वर्षानुवर्षे चालतात, त्यामुळे तुमच्या सहाजणी सावत्र बहिणी असण्याचाच संभव जास्त. माडग्याळ, उमदी, आटपाडी, कवठेमहांकाळ अशा वेगवेगळ्या भागांतील दहा-बारा वाड्यांतून दोन-तीन मेंढ्या घ्या आणि आई, मुलगी, बहीण टाळा. तुलनेसाठी लोणंदकडच्या दख्खनी मेंढ्या घेतल्या तर उत्तमच. किती जनावरे पुरेशी, हे तुमचे विधान किती मोठे आहे यावर अवलंबून राहील. केवळ अनुक्रम नोंदवायचा असेल तर सहा चालतात, ‘जातीचे वैशिष्ट्य’ म्हणायचे असेल तर चालत नाहीत.

आता त्या तीन मेंढ्या. तुम्ही नमुने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घेतल्याचे लिहिले आहे, आणि ते वाचताच मला माझा एक जुना अनुभव आठवला. जुलैच्या अखेरीस आम्ही जतच्या पूर्व भागात दहा मेंढ्यांचे रक्त घेतले होते. मानेवरची लोकर बाजूला करून अंगठ्याने शीर दाबली की मेंढीची नीला चांगली तटतटून वर येते. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळ्या भरल्या, त्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या आणि चार तासांत पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या. सगळे नेटके झाले होते. दहापैकी चार मेंढ्यांत एमएक्स-१ ची अभिव्यक्ती इतरांच्या अनेक पट निघाली आणि आम्ही ‘कळपात सुप्त विषाणुसंसर्ग’ असे टिपणही लिहून ठेवले. डिसेंबरमध्ये तोच कळप कृष्णाकाठी उतरला होता, तेव्हा मी मालकांना भेटायला गेलो. बोलता बोलता ते म्हणाले, “तुम्ही रगत काढल्यालीतल्या तीन येल्या की ह्या पंधरवड्यात.” कानातले बिल्ले पाहिले, तर नुकत्याच व्यायलेल्या या तिघी त्या चारपैकीच होत्या. चौथीच्या बाबतीत संसर्ग होता की आणखी काही, याचा निवाडा करायला त्या दिवसाचे सीरम आम्ही राखलेले नव्हते.

कारण सरळ आहे. मेंढीचा गर्भ रुजण्याच्या सुमारास, साधारण दहाव्या ते एकविसाव्या दिवसाच्या दरम्यान, इंटरफेरॉन-टाउ नावाचे द्रव्य सोडतो. ‘मी इथे आहे, पुन्हा माजावर येऊ नकोस’ हा त्याचा आईच्या शरीराला निरोप असतो. टाउ हा विषाणूविरुद्ध येणाऱ्या अल्फा-बीटा इंटरफेरॉनच्याच घराण्यातला असल्यामुळे तो पेशीवरच्या त्याच ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसतो, स्टॅट-१, स्टॅट-२ आणि आयआरएफ-९ या निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांची तीच साखळी हलते आणि एमएक्स-१, आयएसजी-१५ यांसारखी जनुके गर्भाशयातच नव्हे, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही जागी होतात. विषाणू एकही नसताना. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर मेंढ्या माजावर येतात, म्हणजे जुलै-ऑगस्टमधला नमुना नेमका या खिडकीत सापडतो. म्हणून अभिव्यक्ती मोजायची असेल, तर गाभण नसलेल्या मेंढ्या किंवा नर घ्या, आणि ते शक्य नसेल तर गर्भावस्थेची नोंद ठेवा. लस कधी टोचली होती, अंगात ताप होता का, गोचिडी किती होत्या, हेही लिहा. एक नळी सीरमसाठी वेगळी घ्या आणि गोठवून ठेवा.

अभिव्यक्तीच्या मोजमापाबद्दल एवढेच सांगतो की तुलनेचे स्थिर जनुक म्हणून एकट्या जीएपीडीएचवर विसंबू नका. दोन-तीन स्थिर जनुके, उदाहरणार्थ वायडब्ल्यूएचएझेड आणि एसडीएचए, तुमच्याच नमुन्यांत तपासून निवडा. उरलेला डीएनए काढायला डीएनेज वापरा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएपासून डीएनए बनवणारे विकर) न घातलेली नळी प्रत्येक वेळी लावा.

प्रथिनाच्या संगणकीय वर्णनात मला तुम्हाला एक गोष्ट स्पष्टपणे सांगायची आहे. तुम्ही दोन एन-ग्लायकोसिलेशन जागा (जिथे प्रथिनाला साखर जोडली जाते) आणि तीन डायसल्फाइड बंध (गंधकाचे दुवे) नोंदवले आहेत. मेंढीचे एमएक्स-१ हे पेशीद्रवात राहणारे प्रथिन आहे. ते पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या जाळीच्या आत जात नाही, आणि एन-ग्लायकोसिलेशन तर तिथेच होते. पेशीद्रवाचे वातावरण क्षपणकारक असल्यामुळे स्थिर डायसल्फाइड बंधही तिथे सहसा टिकत नाहीत. सॉफ्टवेअर फक्त अक्षरांचा नमुना शोधते, प्रथिन कुठे राहते हे त्याला ठाऊक नसते. ते तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. ही दोन्ही कोष्टके काढून टाका.

त्याऐवजी प्रथिनाच्या रचनेवर तुमचे चार बदल ठेवून बघा. एमएक्स हे डायनामिनच्या घराण्यातले मोठे जीटीपीएज, म्हणजे जीटीपी हा ऊर्जेचा रेणू धरून तोडणारे प्रथिन, आहे: एका टोकाला जीटीपी बांधणारा गोळा, दुसऱ्या बाजूला लांब देठ आणि दोघांना जोडणारा बिजागरासारखा भाग. देठांच्या आधारे ही प्रथिने एकमेकांना धरून कडी करतात आणि विषाणूच्या घटकांभोवती पडतात, असे आजचे चित्र आहे. गोळ्यातला ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टेट-ग्लुटामिन-सेरिन-सेरिन-ग्लायसिन-लायसिन-सेरिन हा पट्टा जीटीपी धरतो. तिथे बदल दिसला, तर मी आधी सिक्वेन्सिंगची चूक शोधेन, कारण हा पट्टा दूरदूरच्या प्राण्यांतही तसाच टिकून आहे. देठातून बाहेर डोकावणारे एल-४ नावाचे वळण मात्र वेगळे आहे. मानवातील त्याच जनुकाच्या प्रथिनात, एमएक्सएमध्ये, कोणत्या विषाणूला अडवायचे हे पुष्कळ अंशी तिथे ठरते, आणि प्राइमेट प्राण्यांत ते वळण झपाट्याने बदलत आलेले आहे. तुमच्या चार बदलांपैकी एखादा तिथे पडत असेल, आणि तो वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्यांतून तरला, तर मला त्यात खरोखर रस वाटेल आणि तुम्हीही त्यावर मेहनत घ्यावी.

एवढ्यावरून कुठवर आलो ते पाहू. क्लोन वाढवून आणि थेट वाचन करून पहिले विधान पक्के होईल, मेंढ्या वाढवून दुसरे. हे दोन्ही पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यात आहे, आणि एवढेच नीट केले तरी ते पूर्ण काम आहे.

तिसरे विधान, म्हणजे प्रथिन विषाणूला अडवते का, हे पेशींवर तपासावे लागते. यासाठी व्हेरो या माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशी सोयीच्या, कारण त्या स्वतः अल्फा-बीटा इंटरफेरॉन बनवू शकत नाहीत. त्यामुळे दिसलेला परिणाम तुम्ही घातलेल्या जनुकाचा की पेशीच्या स्वतःच्या इंटरफेरॉनचा, हा घोळ कमी होतो. मेंढीचे जनुक व्हेक्टरमध्ये (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएत) घालून पेशीत उतरवायचे, प्रथिन तयार झाले हे वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन ओळखण्याच्या चाचणीवर दाखवायचे आणि मग विषाणूची वाढ मोजायची. सोबत एक मुद्दाम निकामी केलेले रूप हवेच: वर सांगितलेल्या पट्ट्यातील लायसिनच्या जागी अ‍ॅलॅनिन घातले की जीटीपी धरता येत नाही आणि मानवी एमएक्सएची विषाणूविरोधी शक्ती जाते. हे रूप शेजारी नसेल, तर कोणतेही परके प्रथिन भरपूर बनवल्याने पेशी थकली आणि विषाणू कमी वाढला, ही शंका राहते. पीपीआरचा रानटी विषाणू हाताळायला मान्यताप्राप्त जैवसुरक्षा सुविधा लागते, त्या वाटेला तुम्ही जाऊ नये. लसीतील क्षीण विषाणूवरही संस्थेच्या समितीची परवानगी घेऊनच काम करावे. पीपीआर हा गोवराच्या कुळातला विषाणू आहे आणि मानवी एमएक्सए काही पेशींत गोवराच्या विषाणूला अडवते, म्हणून हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पण मेंढीतल्या उत्तराला मेंढीचाच पुरावा लागेल.

चौथ्या विधानासाठी फलटणचे उदाहरण देतो, कारण ते आपल्याच भागातले आहे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतील फेक-बी हे जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढ्यांत आणले. त्या जनुकातला एक बेस बदललेला असतो, हे २००१ मध्ये कळले. पण ऑस्ट्रेलियातील बूरुला मेरिनो मेंढ्यांत असे एखादे मोठा परिणाम करणारे जनुक आहे, हे त्याआधी कोणत्या मेंढीला किती कोकरे झाली याच्या पिढ्यांच्या नोंदींतून ठरले होते. आधी गुण मोजला गेला, मग बेस सापडला. तुमच्याकडे बेस आहे, पण गुण कुणी मोजलेला नाही. ‘पीपीआर बाधत नाही’ हे मेंढपाळांचे निरीक्षण मी हलके मानत नाही, त्यांना एकेक मेंढरू ओळखता येते. पण त्यामागे लसीकरण असेल, पूर्वी येऊन गेलेली साथ असेल, किंवा चराईच्या वाटा इतर कळपांपासून दूर असतील. आणि सध्याच्या लसीमुळे आलेली प्रतिपिंडे संसर्गामुळे आलेल्या प्रतिपिंडांपासून एलायझा या प्रतिपिंडांच्या चाचणीवर वेगळी ओळखता येत नाहीत. तेव्हा शीर्षकातून ‘रोगप्रतिकारक्षम’ हा शब्द काढा आणि ‘माडग्याळ मेंढीतील एमएक्स-१ जनुकाचा अनुक्रम व त्यातील विविधता’ असे साधे शीर्षक ठेवा. मेंढपाळांचे निरीक्षण चर्चेच्या प्रकरणात त्यांच्याच शब्दांत द्या, ते पुढच्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

नव्या क्लोनसाठी पैसे मागण्यापूर्वी मात्र एक काम फुकटात होण्यासारखे आहे. त्या वाड्याच्या मालकांना फोन करून सहाही मेंढ्या कधी व्यायल्या ते विचारा आणि प्रत्येकीच्या तारखेतून मेंढीच्या गर्भकाळाचे १४७ दिवस मागे मोजा. जास्त अभिव्यक्तीच्या तिघी डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात व्यायलेल्या निघाल्या, तर तुमचा अभिव्यक्तीचा तक्ता गर्भावस्थेचा आहे, तो त्याच मथळ्याखाली द्या. तसे नसेल, तर मूळ आलेखांच्या फाइली आणि प्रायमरचे अनुक्रम मला पाठवा, आपण एमएक्स-२ ची मांडणी शेजारी ठेवून एकेक जागा पाहू.